होमवर्क झाला की झालं?

मुलगा शाळेतून आला की आमच्या घरात एक प्रश्न दोनदा विचारला जातो. मी विचारते, "होमवर्क झाला का?" थोड्या वेळाने सासूबाई विचारतात, "होमवर्क झालं का रे?" कित्येक दिवस मला वाटायचं, आमच्या दोघींपैकी एकीचं व्याकरण चुकतंय. मग विचार करता करता लक्षात आलं की कोणाचंच चुकत नाही. परका शब्द मराठीत आला की त्याला लिंग द्यावंच लागतं, त्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. ते देताना त्या शब्दामागे आपला कोणता शब्द उभा आहे, हे आपण नकळत बघतो. माझ्या मनात होमवर्कच्या मागे 'अभ्यास' आहे, म्हणून तो होमवर्क. सासूबाईंच्या मनात 'काम' आहे, म्हणून ते होमवर्क.

हे काम आहे की अभ्यास, हा प्रश्न आमच्या घरापुरता नाही. या शब्दाच्या साडेतीनशेहून अधिक वर्षांच्या प्रवासाचं सारं मर्म त्यातच आहे. आज होमवर्क म्हटलं की वही, दप्तर आणि बाईंचा शेरा डोळ्यांसमोर येतो, पण इंग्रजीत हा शब्द आला तेव्हा त्याचा शाळेशी काही संबंध नव्हता.

तो प्रवास समजून घ्यायला शाळेतलाच एक धडा उपयोगी पडतो, समासाचा. साखरभात म्हणजे साखर घालून केलेला भात. त्यातलं 'घालून केलेला' हे शब्दात कुठेही दिसत नाही, पण मराठी माणसाला ते आपोआप ऐकू येतं. अशा समासाला आपण मध्यमपदलोपी म्हणतो, कारण मधलं पद गाळलेलं असतं. इंग्रजीतला होमवर्क अगदी याच घडणीचा आहे. होम म्हणजे घर, वर्क म्हणजे काम, इतकंच शब्द सांगतो. त्या दोघांचं नातं काय, ते सांगत नाही. त्यामुळे विग्रह अनेक होऊ शकतात. घराचं काम, म्हणजे केरवारे आणि धुणंभांडी. घरी बसून केलेलं काम. मालकाने घरी करायला दिलेलं काम. शिक्षकाने घरून करून आणायला सांगितलेलं काम. यातला पहिला अर्थ इंग्रजीने हाउसवर्क या वेगळ्या शब्दाकडे दिला. उरलेले तिन्ही होमवर्कच्या वाट्याला आले, तेही एकामागून एक. शब्दाची दोन्ही टोकं जशीच्या तशी राहिली, मधलं न दिसणारं पद मात्र काळाप्रमाणे बदलत गेलं.

आधी दोन्ही टोकं बघू. 'होम'चं जुन्या इंग्रजीतलं रूप 'हाम'. बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम या गावांच्या नावांच्या शेवटी तो अजून टिकून आहे, आपल्याकडच्या 'पूर' किंवा 'गाव'सारखा. जर्मन भाषेत त्याचाच भाऊबंद 'हाइम'. आणखी मागे गेलं तर वस्ती करणं, राहणं अशा अर्थाचं एक प्राचीन मूळ सापडतं, आणि संस्कृतातला 'क्षि' म्हणजे राहणं हा धातूही त्याच मुळाचा असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. क्षेत्र, क्षेम हे आपले शब्द त्या 'क्षि'चे. योगक्षेमातला क्षेम आणि होमवर्कमधला होम लांबचे का होईना नातेवाईक असावेत, ही गोष्ट मला फार आवडते.

'वर्क'चं जुनं रूप 'वेओर्क', आणि ग्रीक भाषेतला त्याचा सगोत्र शब्द 'एर्गॉन'. एनर्जीमध्ये हाच एर्गॉन आहे. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरला इंग्रजीत सर्जन म्हणतात, त्या शब्दातही आहे, कारण त्याचं मूळ ग्रीक रूप 'हाताने काम करणारा' असं होतं. जॉर्ज या नावाचा अर्थ तर जमिनीचं काम करणारा, म्हणजे शेतकरी. सांगायचा मुद्दा असा की होमवर्कच्या दोन्ही भागांत शिकणं, वाचणं, लिहिणं याचा मागमूसही नाही. एकात निवारा आहे आणि दुसऱ्यात कष्ट.

म्हणूनच सतराव्या शतकात इंग्रजीत हा शब्द लिहिला जाऊ लागला तेव्हा त्याचा अर्थ सरळ होता, बाहेर न जाता घरी केलेलं काम. तेव्हाच्या इंग्लंडमध्ये लोकरीचं कापड बव्हंशी घराघरांतच तयार होई. व्यापारी लोकर आणून देई. घरातली मुलं ती पिंजत, बायका चरख्यावर सूत काढत, पुरुष मागावर बसत. व्यापारी परत येऊन माल उचले आणि नगावर किंवा वजनावर पैसे देई. घर हाच कारखाना होता.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटलं. हारग्रीव्ह्जचं स्पिनिंग जेनी हे सूतकताईचं यंत्र १७६४ च्या सुमारास आलं. आर्कराइटने १७६९ मध्ये पाण्यावर चालणाऱ्या सूतयंत्राचं पेटंट घेतलं आणि १७७१ मध्ये क्रॉमफर्डला गिरणी उभी करायला घेतली. पाण्याचं चाक कोणाच्या स्वयंपाकघरात मावत नाही. माणसाला यंत्राकडे जावं लागलं, काम घराबाहेर पडलं. आणि काम घराबाहेर पडलं तेव्हाच 'घरी केलेलं काम' हे वेगळं सांगण्याची गरज वाढली. सगळेच घरी काम करत असतील तर ते घरी करतो असं कोण कशाला सांगेल?

पण घरातलं काम संपलं नाही. ते गरिबांच्या घरांत जाऊन बसलं, आणि इथे शब्दाचा दुसरा विग्रह सुरू होतो, मालकाने घरी करायला दिलेलं काम. एकोणिसाव्या शतकातल्या लंडनमध्ये काड्यापेट्यांची खोकी घराघरांत बनत. पातळ लाकडी पट्टी घ्यायची, खुणेवर दुमडायची, वरून कागद चिकटवायचा, वाळायला जमिनीवर पसरायची. मजुरी ग्रोसवर, म्हणजे १४४ खोक्यांना अमुक इतके पेन्स. खळ आणि बांधायची सुतळी बाईने स्वतःच्या पैशाने आणायची. खोलीत वाळत घातलेल्या खोक्यांमुळे पाय ठेवायला जागा उरत नसे. या मजुरीकडे लोकांचं लक्ष वेधण्यासाठी १९०६ मध्ये लंडनमध्ये एक प्रदर्शन भरलं. प्रत्यक्ष कामगार बायका तिथे बसून काम करत आणि त्यांना काय मिळतं ते लोकांना दाखवलं जाई. त्यातून दबाव वाढला आणि १९०९ मध्ये ब्रिटनमध्ये काही धंद्यांसाठी किमान मजुरी ठरवणारा कायदा झाला. कागदी खोक्यांचा धंदा त्यात होता.

अमेरिकेतही तेच. लुइस हाइन नावाच्या छायाचित्रकाराने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत बालमजुरीविरोधी समितीसाठी न्यूयॉर्कच्या चाळवजा इमारतींतली अशी घरं टिपली. त्यातली कागदी-कापडी फुलं करणाऱ्या कुटुंबांची छायाचित्रं मी पुन्हापुन्हा बघितली आहेत. मध्ये टेबल, त्यावर पाकळ्यांचा ढीग. भोवती आई आणि लहानमोठी मुलं, सगळ्यांच्या माना खाली. पाकळी उचलायची, खळ लावायची, तारेच्या देठावर बसवायची. त्यांतल्या काही मुलांचे पाय खुर्चीवरून जमिनीलाही पोचत नसावेत. सरकारी कागदपत्रांत या कामाला नाव होतं, होमवर्क. संध्याकाळी टेबलाशी बसून मान खाली घालून काम करणारं मूल, हे चित्र आपल्याला किती ओळखीचं वाटतं! फक्त टेबलावर वही नाही.

हा अर्थ आजही मेलेला नाही. अमेरिकेने १९४० च्या दशकात शिवणकाम, भरतकाम, हातमोजे, बटणं, दागिने अशा सात धंद्यांत घरी काम देण्यावर बंदी घातली, तेव्हा नियमांत शब्द होता होमवर्क. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ मध्ये घरी बसून मजुरी करणाऱ्यांच्या हक्कांसाठी १७७ क्रमांकाचा करार संमत केला, त्याच्या नावात 'होम वर्क' आहे, फक्त दोन शब्द तोडून. जर्मन भाषेने हा घोळ मुळातच टाळला. मजुरीचं ते 'हाइमआरबाइट', शाळेचं ते 'हाउसआउफगाबे'. डच भाषेत 'थाउसवेर्क' आणि 'हाउसवेर्क' यांत एका अक्षराचा फरक आहे, पण तेवढा पुरतो. इंग्रजीने मात्र दोन्हींसाठी एकच शब्द ठेवला.

मग शाळेचा अर्थ आला कुठून? एकोणिसाव्या शतकात सर्वांसाठी शाळा ही कल्पना रुजली. इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने प्राथमिक शाळांचं जाळं उभं राहू लागलं आणि १८८० मध्ये शिक्षण सक्तीचं झालं. शाळेतला वेळ अपुरा पडायचा, म्हणून घरी करायला धडे दिले जात. त्यांना आधी 'होम लेसन्स' किंवा 'होम स्टडी' म्हणत. होमवर्क हा शब्द त्याच शतकात हळूहळू त्यांच्या जोडीला आला आणि विसाव्या शतकात दोघांनाही मागे टाकून पुढे गेला. शाळेतल्या अभ्यासाला 'काम' म्हणायची पद्धत रुळत होती, स्कूलवर्क, क्लासवर्क असे शब्द होतेच. त्या माळेत होमवर्क सहज ओवला गेला.

तेव्हाच्या शाळेत घडत काय होतं, हे समजून घेण्यासारखं आहे. अमेरिकेत वर्गाच्या तासाला रेसिटेशन म्हणत, म्हणजे म्हणून दाखवणं. शिक्षक शिकवत कमी आणि ऐकत जास्त. मुलाने घरून पाढे, स्पेलिंगं, सनावळ्या, कविता घोकून यायचं आणि उभं राहून म्हणून दाखवायचं. म्हणजे खरं शिकणं घरीच होई, शाळेत फक्त त्याची तपासणी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे मराठी शब्दापाशी ती पुन्हा लागणार आहे.

याला विरोधही लगेच झाला. ब्रिटनमध्ये १८८४ मध्ये जेम्स क्रायटन-ब्राउन या डॉक्टरांनी शाळकरी मुलांवरच्या अतिताणाबद्दल अहवाल लिहिला आणि घरी दिल्या जाणाऱ्या धड्यांवर टीका केली. अमेरिकेत एडवर्ड बॉक या संपादकाने १९०० मध्ये एका महिला मासिकातून याविरुद्ध मोहीमच उघडली. १९०१ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून १५ वर्षांखालच्या मुलांना घरचा अभ्यास सक्तीचा करायला मनाई केली. तो कायदा १९१७ पर्यंत टिकला. फ्रान्सने १९५६ मध्ये प्राथमिक शाळेतला लेखी गृहपाठ परिपत्रक काढून बंद केला. चीनने २०२१ मध्ये पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ द्यायचा नाही असं ठरवलं. वाद अजून चालू आहे आणि त्यात पडायचा हा लेख नाही.

इथे एक गैरसमज मात्र दूर करायला हवा, कारण मुलं तो इंटरनेटवर वाचून वर्गात सांगतात. इटलीतल्या व्हेनिसच्या रोबेर्तो नेव्हिलिस नावाच्या शिक्षकाने गृहपाठाचा शोध लावला, शिक्षा म्हणून. साल कुठे १९०५ दिलेलं असतं, कुठे १०९५. या माणसाचा एकही ऐतिहासिक पुरावा नाही. थोडं डोकं चालवलं तरी गोष्ट टिकत नाही. १९०५ म्हणावं, तर कॅलिफोर्नियाने त्याच्या चार वर्षं आधीच घरच्या अभ्यासाला मनाई केली होती. जी गोष्ट अस्तित्वातच नाही तिला मनाई कशी करणार? आणि १०९५ हे साल बघा, १९०५ मधले दोन आकडे उलटसुलट केले की तयार. मुलांना एखादी बातमी कशी तपासायची हे शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

खरं तर गोष्ट शब्दापेक्षा कितीतरी जुनी आहे. प्राचीन मेसोपोटेमियात सुमेरी भाषा शिकवणारी शाळा असे, तिला 'एडुब्बा' म्हणत, म्हणजे पाट्यांचं घर. ओल्या मातीच्या पाटीवर बोरूने कोरून मुलं लिहायला शिकत. जवळजवळ चार हजार वर्षांपूर्वीच्या एका सुमेरी मजकुरात एक विद्यार्थी आपला दिवस सांगतो. शाळा सुटली, घरी गेलो, वडील बसले होते, त्यांना माझा धडा सांगितला, पाटी वाचून दाखवली, आणि ते खूश झाले. गृहपाठाचा शोध एका माणसाने एका वर्षी लावला असं म्हणणं किती पोकळ आहे, हे कळायला हा मातीच्या पाटीवरचा बाप आणि मुलगा पुरे.

आता आपला शब्द, गृहपाठ. तो इंग्रजी शब्दावरून घडवला हे उघड आहे, पण घडवताना कोणीतरी फार विचार केलेला दिसतो. हिंदीने होमवर्कचं सरळ गृहकार्य केलं, कार्य म्हणजे काम. बंगालीत 'बाडिर काज', घरचं काम. मराठीत असं करायला गेलो असतो तर घरकाम हा शब्द आधीच केरवाऱ्यांत अडकलेला होता. 'आज बाईंनी घरकाम दिलंय' म्हटलं असतं तर मुलाच्या हातात वही आली असती की झाडू? मराठीने वर्कच्या जागी पाठ बसवला. मल्याळममध्येही हाच शब्द आहे, गृहपाठम्. तमिळमध्ये 'वीट्टुप्पाडम', घरचा पाठ.

पाठ हा शब्द संस्कृतातल्या 'पठ्' या धातूचा, अर्थ मोठ्याने म्हणणं, वाचणं. वेद तोंडी जपणाऱ्यांनी पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ अशा म्हणण्याच्या काटेकोर पद्धती तयार केल्या, का तर एक अक्षरही इकडचं तिकडे होऊ नये. हरिपाठातला पाठ तोच. पाठांतरातला तोच. कविता 'पाठ आहे' म्हणतो तेव्हाचाही तोच. वर म्हटलं तशी एकोणिसाव्या शतकातली शाळा म्हणजे घरून घोकून येऊन म्हणून दाखवण्याची जागा होती. त्या प्रकाराला वर्कपेक्षा पाठ हाच शब्द जास्त चपखल होता. इंग्रजी शब्दात जे नव्हतं ते मराठीने भरलं.

रोजच्या बोलण्यात मात्र आपण गृहपाठ क्वचित म्हणतो. 'अभ्यास कर' म्हणतो. अभ्यास म्हणजे मुळात पुन्हापुन्हा करणं. पाणिनीच्या व्याकरणात तर ही पारिभाषिक संज्ञा आहे. 'ददाति' या रूपात 'दा' या धातूचं द्वित्व होतं, त्यातल्या पहिल्या 'द'ला पाणिनी अभ्यास म्हणतो. एकच गोष्ट दोनदा आली, तो अभ्यास. पाढा पुन्हा म्हणणारं मूल आणि व्याकरणातला तो जास्तीचा 'द', दोन्ही एकाच शब्दाखाली येतात. आणि धड्याच्या शेवटी जे प्रश्न असतात त्यांना पाठ्यपुस्तक म्हणतं स्वाध्याय, म्हणजे स्वतःचं स्वतः केलेलं अध्ययन. पालकांनी वही ओढून घेऊन उत्तरं लिहून द्यायची असती तर त्याला स्वाध्याय म्हणताच आलं नसतं.

इतर भाषांत डोकावलं की प्रत्येकीने या गोष्टीकडे कसं बघितलं ते दिसतं. फ्रेंचमध्ये 'दव्वार' आणि स्पॅनिशमध्ये 'देबेरेस', दोन्हींचा अर्थ कर्तव्यं, देणं लागतो ते. अरबीत 'वाजिब', म्हणजे करायलाच हवं ते. हा शब्द आपल्याकडेही आहे, वाजवी किंमत म्हणतो त्यातला वाजवी. स्वीडिश 'लेक्सा' लॅटिनमधल्या वाचन या अर्थाच्या शब्दावरून आला, म्हणजे आपल्या पाठाचा जवळचा. सगळ्यांत सुंदर जपानी, 'शुकुदाई'. शुकु म्हणजे मुक्काम, दाई म्हणजे विषय. कवींच्या बैठकीसाठी आधीच देऊन ठेवलेल्या विषयाला हा शब्द वापरत. विषय घरी न्यायचा, तो मनात मुक्कामाला ठेवायचा, आणि मग कविता घेऊन यायचं. मुलांच्या वहीला असा शब्द लाभणं मला हेवा वाटण्यासारखं वाटतं.

विसाव्या शतकात इंग्रजीत होमवर्कला आणखी एक अर्थ जडला, पूर्वतयारी. तोही आपण उचलला. 'मंत्री गृहपाठ करून आले नव्हते', 'विरोधकांचा गृहपाठ कच्चा' हे वर्तमानपत्रांत सर्रास येतं. इथे घरही नाही आणि पाठही नाही, तरी अर्थ झटकन पोचतो.

आणि मग २०२० आलं. कोट्यवधी माणसं घरी बसून नोकरी करू लागली. घरी केलेलं काम, होमवर्कचा अगदी पहिला, सतराव्या शतकातला अर्थ. पण तो शब्द आता मुलांच्या ताब्यात होता, मोठ्यांना परत मिळेना. म्हणून तेच दोन शब्द उलट्या क्रमाने लावून मध्ये एक शब्द घातला, वर्क फ्रॉम होम. समासात लपलेलं ते मधलं पद या वेळी सगळ्यांना दिसेल असं उघडं लिहावं लागलं.

आमच्याकडे अजून आठवड्यातले दोन दिवस मी घरूनच काम करते. संध्याकाळी मी लॅपटॉप घेऊन आणि मुलगा वही घेऊन एकाच टेबलाशी बसतो. परवा सासूबाई आल्या, आम्हा दोघांच्या खाली घातलेल्या मानांकडे बघून त्यांनी एकदाच विचारलं, "झालं का होमवर्क?" मी आणि तो एकदमच म्हणालो, "अजून नाही."